काजव्याच्या प्रकाशाने स्वच्छतेचे मोजमाप

दूधप्रक्रिया प्रकल्पांत आणि रुग्णालयांत धुतलेला पृष्ठभाग खरोखर स्वच्छ झाला की नाही, हे पाहण्यासाठी जी एटीपी चाचणी केली जाते, तिच्याविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज असा की, ती जंतू मोजते. वास्तविक ती अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच एटीपी, हे संयुग मोजते. सजीव पेशींतील ऊर्जेची देवघेव त्यावर चालत असल्याने ते जिवाणूंत असते, तसेच दुधात, रक्तात, फळांच्या रसात आणि माणसाच्या त्वचेवरून गळणाऱ्या पेशींतही असते. काजव्याचा प्रकाश एटीपीवाचून पडत नाही, हे विल्यम मॅकेल्रॉय यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले आणि त्याच अभिक्रियेवर ही चाचणी उभी आहे. ठरावीक क्षेत्रावरून, बहुधा १० सेंटीमीटर बाजूच्या चौरसावरून, स्वॅब फिरवून तो ल्युसिफेरिन हे द्रव्य व ल्युसिफरेज हे विकर असलेल्या द्रावणात मिसळला की जितके एटीपी तितका उजेड पडतो आणि हातात मावणारे यंत्र तो काही सेकंदांत आकड्यात सांगते. मोठा आकडा म्हणजे पुष्कळ जंतू, असे म्हणूनच म्हणता येत नाही. तो धुण्यात कसर राहिल्याचे सांगतो, आणि हे ज्ञान मोलाचे आहे, कारण जंतू पोसले जातात ते याच उरलेल्या थरावर आणि जंतुनाशकाचा जोर वाया जातो तोही त्यातच.

याहून घातक समज असा की, आकडा लहान आला म्हणजे धोका टळला. विषाणूंना स्वतःचे चयापचय नसल्याने ते या चाचणीला दिसत नाहीत. जिवाणूंच्या सुप्तावस्थेतील बीजाणूंत एटीपी अत्यल्प असते. आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारख्या पदार्थातही ते फारसे नसल्याने अ‍ॅलर्जीकारक प्रथिनांसाठी वेगळीच चाचणी करावी लागते. शिवाय पृष्ठभागावर राहिलेले क्लोरीनयुक्त द्रावण प्रकाशाची अभिक्रियाच मंदावू शकते, म्हणजे अस्वच्छ जागाही स्वच्छ भासते.

दोन कंपन्यांच्या यंत्रांवरील आकड्यांची तुलना करणेही चुकीचे ठरते, कारण या आकड्यांचे एकक सापेक्ष असून प्रत्येक यंत्राची मोजपट्टी निराळी असते. त्यामुळे प्रत्येक संस्थेने आपल्याच ओट्यांवर व यंत्रांवर, नीट धुऊन घेतल्यावर, वारंवार मोजणी करून स्वतःची मर्यादा ठरवणे हेच शास्त्रशुद्ध होय. आणि ही मोजणी धुण्यानंतर, पण जंतुनाशक लावण्यापूर्वी केली, तर आकडा वाढलेला दिसताच पृष्ठभाग पुन्हा घासून घेण्यास वाव राहतो.