फॅशन डिझाइनला प्रवेश घ्यायचाय? आधी हप्ता मोजा

१७,८४० रुपये. फॅशन डिझाइनची चार वर्षांची पदवी कर्ज काढून घेतली, तर पुढची दहा वर्षं दरमहा एवढा हप्ता जाऊ शकतो. हिशेब सोपा आहे. दरवर्षी अडीच लाख याप्रमाणे १० लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के. शिकत असताना आणि त्यानंतरच्या सवलतीच्या वर्षात सरळ व्याज चढतं साडेतीन लाख, त्यामुळे परतफेड सुरू होते ती साडेतेरा लाखांवर. कापड, रंग, प्रिंट, लॅपटॉप, वसतिगृह यातलं काहीच अजून धरलेलं नाही. समजा, पहिल्या नोकरीत हातात २५,००० आले, तर उरतात ७,१६०. त्यात मुंबईत डबा आणि लोकलचा पास भागेल. खोलीचं भाडं नाही.

१० लाखांचा आकडा मी फुगवलेला नाही. ‘निफ्ट’ ही केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाची फॅशन शिक्षणाची संस्था १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. २००६ च्या कायद्याने तिला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. मुंबई केंद्र खारघरला आहे. तिथेही चार वर्षांचं शुल्क १० लाखांच्या वर जातं. सरकारी म्हणजे स्वस्त, हे गणित इथे चालत नाही.

तरी सरकारी असण्याचा एक फायदा आहे, आणि तो कर्जाच्या अर्जात दिसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. केंद्र सरकारच्या संस्था त्या निकषात बसतात. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या आणि सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज-सवलत आहे, पण ती वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांपुरती. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर पात्र संस्थेतल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचं या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. मग वरचा हप्ता १३,२१५ वर येतो. घरच्यांनी संस्थेच्या माहितीपुस्तिकेआधी हे नियम वाचावेत.

निफ्टच्या बी.डेस. प्रवेशात सर्जनशील क्षमता चाचणीला ५० टक्के, सामान्य क्षमता चाचणीला ३० आणि ‘सिच्युएशन टेस्ट’ला २० टक्के भार असतो. थोडक्यात, ७० टक्के भार चित्र काढण्यावर आणि दिलेल्या साहित्यातून हातांनी वस्तू घडवण्यावर. क्लासवाल्यांचा भर कुठे आहे, ते यावरून तपासा. बारावीला कुठलीही शाखा चालते, बी.एफ.टेक. या तंत्रज्ञानाच्या पदवीला मात्र गणित लागतं. आणि दरवर्षी कुणीतरी ‘यूसीड’ची तयारी करत असतं, म्हणून सांगतो: ती परीक्षा आयआयटीच्या बी.डेस.साठी आहे आणि आयआयटी मुंबईत फॅशन डिझाइनची पदवी नाही.

आता ‘१०० टक्के प्लेसमेंट’. वर्गात ४० मुलं, त्यातल्या २२ जणांनी नोंदणी केली, २२ जणांना नोकरी लागली. जाहिरातीत १०० टक्के, वर्गाच्या हिशेबात ५५. पगाराचंही तसंच: नऊ जणांना ३ लाख आणि एकाला १५ लाख, की सरासरी ४.२ लाख. प्रत्यक्षात त्या दहांपैकी एकालाही ४.२ लाख मिळालेले नाहीत. सरासरी विचारू नका, मधल्या मुलाचा पगार विचारा, आणि नोंदणी न केलेले १८ जण काय करतात तेही. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर त्यातच उत्तर आलं.

मी स्वतः संस्था निवडायची झाली, तर पहिल्यांदा पॅटर्नची खोली बघेन. तयार कपड्यांच्या धंद्यात रेखाटनांना तोटा नाही. ते रेखाटन कागदावर बेतून, मांजरपाटावर शिवून, मुंढ्यात न ओढणारी बाही बसवून देणारी माणसं कमी पडतात. पैशांत बघा. एका शर्टाला १.७० मीटर कापड लागत होतं. पॅटर्नचे तुकडे वेगळे मांडून, पाठीचा भाग किंचित फिरवून ते १.६० वर आणलं. फरक वीतभरही नाही. पण १०,००० शर्टांची ऑर्डर असेल, तर १,००० मीटर कापड वाचलं. २०० रुपये मीटरने २ लाख रुपये. हे करू शकणारी मुलगी मालकाला पहिल्याच वर्षी परवडते. म्हणून आठवड्याला पॅटर्न आणि शिवणाचे तास किती, एका इंडस्ट्रियल मशीनमागे मुलं किती, शिकवणाऱ्यांपैकी कारखान्यात काम केलेले किती, हे तीन आकडे मागा. रॅम्पवरचे फोटो ते न मागताच दाखवतात.

खासगी संस्थेत आणखी एक कागद बघायचा: पदवी कोणत्या विद्यापीठाची? भारतात पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तो दिलेल्या संस्थांनाच आहे. बाकीचे देतात ते प्रमाणपत्र. ते वाईटच असतं असं नाही, फक्त पदवीच्या भावाने घेऊ नये.

चार वर्षं आणि १० लाख हा एकच रस्ता नाही. इचलकरंजीच्या डीकेटीईमध्ये फॅशन टेक्नॉलॉजीचं बी.टेक. आहे आणि भोवती अख्खं यंत्रमागाचं गाव. दहावीनंतर तंत्रशिक्षण मंडळाची ड्रेस डिझायनिंग अँड गारमेंट मॅन्युफॅक्चरिंगची तीन वर्षांची पदविका आहे. जुहूला एसएनडीटीच्या तंत्रनिकेतनात मुलींसाठी अशा शिक्षणाची सोय आहे. आयटीआयमध्ये फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी एका वर्षात होतं. दिवसभर मशीनवर बसणं, शिवण उसवणं आणि पुन्हा घालणं आपल्याला झेपतंय का, हे कळायला तेवढं वर्ष पुरतं, आणि त्यासाठी बँकेत जावं लागत नाही.