घरातल्या तबकड्या आणि परवडणारे टर्नटेबल

इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर या भागातील जुन्या मराठी घरांतील कपाटे आवरायला काढली, की तळाशी ध्वनिमुद्रिकांचा एखादा गठ्ठा हमखास सापडतो. त्यात नाट्यसंगीताच्या जड, ठिसूळ तबकड्या असतात, उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या किंवा कुमार गंधर्वांच्या एलपी असतात. यांतील काही गायन आज अन्य माध्यमांतूनही मिळते. परंतु जुन्या तबकड्यांपैकी कित्येकांची दुसरी प्रत शोधूनही मिळणार नाही. म्हणूनच आपल्या मंडळातील सहकारी जेव्हा "एखादे बरेसे, फार महाग नसलेले यंत्र सुचवा" असे म्हणतात, तेव्हा मी किमतीआधी तबकड्यांविषयी विचारतो. औषधाआधी निदान, ही सवय येथेही उपयोगी पडते.

७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेपासून बनत. एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावे. १९४८ साली आलेली एलपी व्हायनिलची असून ती मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते. दोहोंच्या खाचांत मोठा फरक आहे. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन, तर ७८ च्या सुईची सुमारे ७५ मायक्रॉन. तांबड्या पेशीचा व्यास सात मायक्रॉन, हे स्मरले म्हणजे आपणा डॉक्टरांना हे कारभार किती सूक्ष्म आहेत ते कळेल. एलपीची सुई ७८ च्या खाचेत तळाशी भरकटते आणि गाण्यापेक्षा खरखरच अधिक वेचते. स्वस्त प्लेयरवर ७८ चे बटण असते खरे, पण सुई मात्र एलपीचीच असते. ते बटण पाहून भुलू नये.

यानंतर वजनाचा मुद्दा, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. सुटकेसच्या आकाराचे, स्पीकर आतच बसविलेले देखणे प्लेयर आज स्वस्तात मिळतात व भेट म्हणूनही दिले जातात. त्यांतील बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि सुईचा भार अनेकदा पाच ग्रॅम किंवा त्याहून अधिक असतो. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला दोन-तीन ग्रॅम पुरतात. पाच ग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण ज्या टोकावर ते पडतात त्याचे क्षेत्रफळ ध्यानात घेतले, की खाचेच्या भिंतींची झीज का होते ते उमगते. बाजारातील नव्या तबकडीचे सोडा, पण वडिलांच्या संग्रहातील एकुलती एक एलपी अशा यंत्रावर ठेवणे मला मान्य नाही.

चुंबकीय कार्ट्रिजचा संकेत फार क्षीण असतो, चार-पाच मिलिव्होल्टचा. म्हणजे जवळजवळ ईसीजीच्याच मापाचा. शिवाय तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले व तीव्र स्वर उचललेले असतात. तसे न केले तर खर्जासाठी खाच फार रुंद होईल आणि पृष्ठभागाची खरखर वर येईल. हा समतोल पूर्ववत करणारा फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर लागतोच. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'फोनो' असे छिद्र असल्यास काम भागते. नसल्यास प्रीअ‍ॅम्प आतच असलेले टर्नटेबल घ्यावे.

ज्यांच्याकडे फक्त एलपी व ४५ च्या छोट्या तबकड्या आहेत, त्यांना ऑडिओ-टेक्निकाचे एटी-एलपी ६० एक्स पुरेसे आहे. ते पट्ट्यावर चालते, बाजू संपताच हात आपोआप उचलला जातो आणि प्रीअ‍ॅम्प आतच आहे. भार कमी-जास्त करता येत नाही, पण तो कारखान्यातच योग्य ठेवलेला असतो. ७८ ते वाजवीत नाही. लाखेच्या तबकड्या असतील, तर त्याच कंपनीचे एटी-एलपी १२० एक्स पाहावे. ते महाग आहे. मात्र त्यात तिन्ही वेग आहेत, भार जुळविता येतो आणि त्याच्या कार्ट्रिजला ७८ ची स्वतंत्र सुई बसते. वेग थोडा कमी-जास्त करण्याची सोयही आहे. सुरुवातीच्या काळातील तबकड्या नेमक्या ७८ वर मुद्रित होतच असे नाही, त्यामुळे गायकाचा मूळ सूर गाठण्यास ही सोय फार कामी येते.

परदेशी नातेवाइकांकडून जुने यंत्र आणवणाऱ्यांना एक सूचना. अमेरिकेतील वीजप्रवाह ६० हर्ट्झचा, आपला ५० चा. जुन्या यंत्रांतील काही मोटारी याच आवर्तनावर फिरतात. केवळ व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावला, तर यंत्र जळणार नाही, पण तबकडी सहाऐवजी पाच हिश्शांच्या वेगाने फिरेल आणि काळी एकचे गाणे खालच्या सप्तकातील काळी पाचवर उतरेल. अडॅप्टरवर चालणाऱ्या डी.सी. मोटारीच्या नव्या यंत्रांत ही अडचण नाही.

यंत्र समतल ठेवावे, स्पीकरच्या टेबलावर नको. पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी धरते. व्हायनिल ऊर्ध्वपातित पाण्याने पुसता येते. ७८ च्या तबकडीला मात्र दवाखान्यातील स्पिरिटचा बोळा कदापि लावू नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते!

साध्या गोल टोकाच्या हिरकणीची सुई चारपाचशे तासांनी बदलावी. आठवड्यास पाच तास ऐकणाऱ्यास म्हणजे साधारण दोन वर्षांनी. नवी सुई बसविल्याची तारीख मी यंत्राच्या तळाशी चिकटपट्टीवर लिहून ठेवतो.