मोबाइलवरील विद्यापीठ : योजना कशी आखावी?



विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारती, ग्रंथालये आणि पदवीदान समारंभ उभे राहतात. परंतु सामान्य विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी नित्याचा संबंध येतो तो खिडकीशी. परीक्षेचा फॉर्म केव्हा भरावयाचा, फी किती, प्रवेशपत्र कोठे मिळेल, निकाल लागला काय, हे प्रश्न घेऊन तो खिडकीपुढे उभा राहतो. कारखान्यातील पाळी सांभाळून शिकणारा कामगार असेल, तर अशा एका प्रश्नापायी त्याचा दिवसाचा रोज बुडतो. ती खिडकी आता मोबाइलवर येत आहे. ती कोणासाठी उघडते आणि कोणाच्या तोंडावर बंद होते, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

प्रथम संकेतस्थळ आणि अ‍ॅप यांतील भेद समजून घेऊ. संकेतस्थळ विद्यापीठाच्या संगणकावर असते, आणि फोनमधील ब्राउझर त्याची पाने मागवून दाखवतो. फोन कोणत्याही कंपनीचा असो, ब्राउझर चांगला असला म्हणजे काम भागते. अ‍ॅप मात्र फोनमध्येच आणून बसवावे लागते. ते आयफोनसाठी निराळे आणि अँड्रॉइडसाठी निराळे. दोन्ही एकदम तयार करण्याच्या युक्त्या आज निघाल्या आहेत. तरी तपासणी, दुरुस्ती आणि कंपनीच्या दुकानातील मंजुरी ही दोहोंकडे वेगवेगळीच करावी लागते.

या दोन वाटा दोन प्रसिद्ध विद्यापीठांनी चोखाळून पाहिल्या आहेत. अ‍ॅपल कंपनीने अ‍ॅपचे दुकान २००८ च्या जुलैमध्ये उघडले. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘आयस्टॅनफर्ड’ हे अ‍ॅप तयार केले. त्यात विद्यापीठाचा नकाशा, अभ्यासक्रमांची यादी, माणसांचे फोन-पत्ते अशी सोय होती. काम कौतुकाचे होते, पण त्याचा लाभ आयफोन बाळगणाऱ्यालाच. इंग्लंडात ऑक्सफर्डने २००९ साली ‘मोबाइल ऑक्सफर्ड’ सुरू केले, ते ब्राउझरवर चालणारे संकेतस्थळ होते. हवे ते पुस्तक कोणत्या ग्रंथालयात आहे, बस केव्हा येईल, अमुक इमारत कोठे आहे, हे कोणत्याही कंपनीच्या फोनवर पाहता येई. शिवाय त्यामागील ‘मॉली’ नावाची प्रणाली इतर संस्थांना वापरण्यासाठी खुली करण्यात आली.

पुढे काय झाले ते पाहा. त्या काळी नोकियाचे सिंबियन होते, ब्लॅकबेरी होता, मागाहून विंडोज फोन आला. आज हे तिन्ही पंथ लयाला गेले. ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीची सेवा तर ४ जानेवारी २०२२ रोजी अधिकृतपणे थांबली. ज्या संस्थांनी या फोनांसाठी अ‍ॅप बांधण्यात पैसा घातला, त्यांचा तो पैसा फोनांबरोबरच गेला. संकेतस्थळावर घातलेले श्रम मात्र पुढच्या फोनांवरही कामास आले. २०१० साली इथन मार्कॉट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे पानाची मांडणी आपोआप बदलण्याची रीत मांडली, तेव्हापासून मोबाइलसाठी निराळे संकेतस्थळ ठेवण्याचीही गरज फारशी उरली नाही.

आपल्याकडे तर हा मुद्दा अधिकच लागू पडतो. २०१७ साली जिओफोन निघाला. त्याला बटणे होती, ब्राउझर होता, पण अँड्रॉइडचे अ‍ॅप त्यावर चालत नसे. अशा फोनवाल्याला ‘आमचे अ‍ॅप घ्या’ असे सांगणे म्हणजे त्याला दारातून परत पाठवणेच होय.

मग अ‍ॅप नकोच काय? तसे नाही. जेथे फोनच्या अंगची विशेष शक्ती लागते, उदाहरणार्थ जाळे नसतानाही पाठ वाचता येणे किंवा तारीख बदलल्याची सूचना तात्काळ मिळणे, तेथे अ‍ॅपचा उपयोग आहे. पण ती दुसरी पायरी. पहिल्या पायरीवर विद्यापीठाने खिडकीवर येणारे प्रश्न वर्षभर टिपून ठेवावेत. ज्या पाच-सात प्रश्नांसाठी सर्वाधिक गर्दी होते, त्यांची उत्तरे संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर, मराठीत आणि हलक्या पानांत द्यावीत. वेळापत्रकाच्या कागदाचे छायाचित्र काढून ते चढवू नये. लहान पडद्यावर ते वाचवत नाही, आणि अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणारे साधनही त्यापुढे मुके होते. निकालाच्या दिवशी हजारो विद्यार्थी एकाच घटकेला येतात, तो भार यंत्रणेला पेलेल काय, हे आधीच अजमावून पाहावे.

कामगार चळवळीत वावरणाऱ्याला एक प्रश्न विचारण्याची सवय लागते. नवे यंत्र आले की ते कोणाचे श्रम वाचवते आणि कोणाच्या माथी मारते? मोबाइलवर दिसणारी तारीख कोणीतरी कारकून भरत असतो. तीच माहिती परीक्षा विभाग एकदा, लेखा विभाग एकदा आणि अ‍ॅपचा कंत्राटदार तिसऱ्यांदा भरू लागला, तर काम तिप्पट होते आणि तीन ठिकाणी तीन तारखा दिसू लागतात. म्हणून माहिती एकाच ठिकाणी भरावी आणि तेथूनच ती संकेतस्थळाने व अ‍ॅपने उचलावी. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली. निकाल लांबले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडले, आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावे लागले. पुरेशी पूर्वतयारी आणि शिक्षण न देता माणसांच्या हाती यंत्र दिले म्हणजे काय होते, याचा हा धडा आहे.

आणखी दोन गोष्टी योजनेत लेखी असाव्यात. एक, अ‍ॅपने विद्यार्थ्याच्या फोनमधील नको ती माहिती मागू नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झालाच आहे. दुसरी, जुनी खिडकी बंद करू नये. फोन नसलेला, फोन बिघडलेला किंवा अक्षरे न दिसणारा विद्यार्थीही फी भरतोच.

या गोष्टी तज्ज्ञांवर सोपवून आपण स्वस्थ बसावे, असे समजू नका. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडलेले दहा प्रतिनिधी असतात. आपल्यापैकी जे पदवीधर असतील त्यांनी नाव नोंदवावे, मत द्यावे, आणि अ‍ॅपचा खर्च अंदाजपत्रकात आला की आपल्या प्रतिनिधीकरवी तीन प्रश्न विचारावेत : हे साध्या फोनवर चालते काय? पुढील पाच वर्षे ते कोण सांभाळणार? आणि खिडकीवरची रांग त्याने किती कमी झाली?