रानात माया असते का?

‘बळी तो कान पिळी’ हा जंगलाचा कायदा, असं आपण नेहमी ऐकतो. वाघ सांबराला मारतो, साप बेडकाला गिळतो, ससाणा होल्यावर झडप घालतो. मग अशा ठिकाणी कुणी दुसऱ्यासाठी स्वतःच्या पोटाला चिमटा घेत असेल का? चला, उत्तर शोधायला नागझिऱ्याला जाऊ!

साकोलीकडून निघून पिटेझरीच्या फाटकातून आत शिरलं, की साग, ऐन, तेंदू आणि बांबूचं दाट रान सुरू होतं. नागझिरा 1970 मध्ये अभयारण्य झालं. तेव्हा ते सगळं भंडारा जिल्ह्यातच होतं. 1999 मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि रान दोन्ही जिल्ह्यांत वाटलं गेलं. प्राण्यांना मात्र या हद्दीचा पत्ताच नाही. ते खुशाल इकडून तिकडे हिंडतात.

इथले खास रहिवासी म्हणजे रानकुत्रे. कुणी त्यांना कोळसून म्हणतं, कुणी ढोल. अंग तांबूस आणि शेपूट काळी, झुबकेदार. ते गावातल्या कुत्र्यांसारखे भुंकत नाहीत. पांगापांग झाली की चक्क शिटी घालून एकमेकांना बोलावतात. वजन जेमतेम 12 ते 20 किलो, पण कळपाने मिळून ते चितळच काय, सांबरसुद्धा पाडतात.

आता त्यांच्या बिळाकडे लक्ष द्या, हं. हिवाळ्यात पिल्लं होतात. कळप शिकारीला जातो, तेव्हा एखाददुसरा मोठा रानकुत्रा मागे थांबतो. तो राखणदार. थोड्या वेळाने कळप परत येतो. पिल्लं धडपडत बाहेर धावतात, मोठ्यांच्या तोंडाचे कोपरे चाटायला लागतात. मोठा रानकुत्रा मान खाली घालतो, त्याचं पोट दोन-तीनदा आत-बाहेर होतं आणि गिळून आणलेलं मांस तो पिल्लांपुढे ओकून टाकतो.

‘ई!’ म्हणू नका. लहानग्या पिल्लांसाठी तो मऊ, कोमट घास असतो. आणि तोंडात धरून आणलेलं मांस वाटेत वाघ-बिबट्याने हिसकावलं असतं. पोटातलं कोण हिसकावणार? पिल्लांच्या आईला आणि मागे थांबलेल्या राखणदारालाही असाच वाटा मिळतो. पिल्लं मोठी होऊन कळपाबरोबर हिंडायला लागली, की शिकारीवर आधी ती जेवतात. मोठे बाजूला उभे राहून पहारा करतात.

खरी गंमत पुढे आहे. कळपात सहसा एकाच जोडीला पिल्लं होतात. मग बाकीचे भरवणारे कोण? काका, मावशा, मोठे ताई-दादा! कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलात डॉ. ए. जे. टी. जॉनसिंग यांनी 1970 च्या दशकात रानकुत्र्यांचा बारकाईने अभ्यास केला. कळपाचं हे एकत्र कुटुंब त्यामुळे जगासमोर आलं.

दुसऱ्याच्या पिल्लासाठी हे एवढे कष्ट का घेतात? मुंग्या आणि मधमाश्यांमधल्या कामकरी माद्याही स्वतःची पिल्लं वाढवत नाहीत, राणीची वाढवतात. या कोड्याने चार्ल्स डार्विनलाही बुचकळ्यात टाकलं होतं. 1964 मध्ये विल्यम हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने ते सोडवलं. तो म्हणाला, नात्यांकडे बघा. सख्ख्या भावंडांमध्ये सरासरी निम्मी जनुकं, म्हणजे आई-बाबांकडून आलेल्या गुणांच्या खुणा, सारखी असतात. आपल्या धानाचंच घ्या ना. तुम्ही आणि तुमच्या भावाने एकच घरचं बियाणं पेरलं. तुमची बांधी बुडाली, पण भावाची तरली, तर बियाणं वाचलंच की! जनुकांचंही तसंच.

याचा अर्थ रानकुत्रा मनात हिशेब मांडतो असं नाही. ज्या कळपांना भरवायची सवय होती, त्यांची पिल्लं जास्त जगली आणि त्यांच्याबरोबर ती सवय पिढ्यान्‌पिढ्या पुढे आली. भरवणाऱ्याला फक्त एवढंच कळतं, की समोरचं पिल्लू भुकेलं आहे.

नातं नसलं तर? तरीही मदत होते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत रक्त पिणारी वटवाघळं राहतात. दोन-तीन रात्री उपास पडला तर ती मरतात. जेरल्ड विल्किन्सन या शास्त्रज्ञाने 1984 मध्ये दाखवून दिलं, की पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी शेजाऱ्याला आपल्या पोटातलं रक्त भरवतं. आज तुझी अडचण, उद्या माझी!

आणि आता सगळ्यात अवघड पायरी. नातं नाही, परतफेडीची आशाही नाही, तरी मदत. ती पाहायला भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांवर या. महाराष्ट्रातले मोजके उरलेले सारस मुख्यतः याच भागात आहेत. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सारस जगात सर्वांत उंच. पावसाळ्यात तो पाण्यातल्या बांधीत धानाची ताटं उपटून मोठं घरटं रचतो. नुकसान होतं ना? होतंच. अंडी उबवायला महिनाभर लागतो. तरीही इथले कितीतरी शेतकरी घरट्याला हात लावत नाहीत, उलट त्याची राखण करतात. सारस काही उद्या त्यांची धानकापणी करून देणार नसतो!

रानकुत्र्यांच्या बाबतीतही माणूस बदलला. इंग्रजांच्या काळात ते हरणांचे वैरी ठरले होते आणि त्यांना मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्याच रानकुत्र्यांना संरक्षण मिळालं. आज ते जगभरात धोक्यात आहेत, म्हणून नागझिऱ्यासारखी रानं त्यांच्यासाठी मोलाची.

म्हणजे बघा, माया माणसाने शोधून काढलेली नाही. ती रानात आधीपासून आहे. पण आपल्या कळपाबाहेरच्या जिवाला, ठरवून, समजून-उमजून जपणं माणसाला जमतं. ही आपली फार मोठी ताकद आहे, आणि ती वापरली तरच उपयोगाची.

करून पाहा
शाळेच्या आवारात किंवा वाडीत मातकट रंगाच्या, सतत कलकल करणाऱ्या पक्ष्यांचा थवा दिसेल. हे सातभाई. त्यांच्यातही थव्यातले सगळे मिळून पिल्लं वाढवतात. पावशा तर गुपचूप यांच्याच घरट्यात अंडं घालतो! आठवडाभर, रोज ठरलेल्या वेळी, लांबून त्यांचं निरीक्षण करा. घरट्याजवळ जाऊ नका. थव्यात किती जण आहेत? बाकीचे जमिनीवर किडे शोधत असताना उंच फांदीवर पहाऱ्याला कोण बसतं? मांजर आलं की आधी कोण ओरडतं आणि मग बाकीचे काय करतात? सगळं वहीत टिपा आणि वर्गात वाचून दाखवा. शास्त्रज्ञांचं कामही असंच सुरू होतं.