जुन्या संगणकाचा प्रोसेसर केव्हा बदलावा?

मुलाच्या खेळाचा संगणक अडखळू लागला, की महालातल्या घरात बापाच्या ओव्हरटाइमकडे नजर जाते. आधी दोष कोठे आहे ते पाहावे. कार्डिंग मंदावले तर नवे साचे आणून सूत वाढत नाही, हे १८७७ च्या एम्प्रेस मिलपासून नागपूरचा कामगार जाणतो! खेळाचे रिझोल्यूशन उतरवावे. तरीही वेग वाढला नाही, तर हिशेब करणारा प्रोसेसर मागे पडतो आहे; वाढला, तर चित्र रंगवणारे ग्राफिक्स कार्ड. मग मदरबोर्डाचे सॉकेट पाहावे. २०१७ चे पहिले रायझेन ज्या एएम-४ सॉकेटात बसले, त्यातच २०२२ चा ५८००एक्स-३डी बसतो. मात्र जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावे. एएम-५ साठी मदरबोर्ड आणि डीडीआर-५ मेमरीही नवी लागते. तो खर्च दिवाळीच्या बोनसपर्यंत खुशाल थांबवावा.