पोहे, ओलं खोबरं आणि एलियाहू हन्नबी

आपल्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पूर्वी तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. त्यांचा मलिदा मला फार जवळचा वाटतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, सोबत फळं. हे ताट मांडून एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं स्मरण करतात. लग्न असो, नवं घर असो की फेडायचा नवस, मलिदा हवाच. झाडांचा सण 'तू बिश्वात' साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येतो; तेव्हा अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहूंच्या स्थानी, भाविक जमतात. जगातल्या इतर ज्यूंकडे हा विधी असा नाही, तो इथेच घडला!

रोश हशाना, म्हणजे नववर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, नारळाच्या दुधात. ज्यू धर्मनियमानुसार मांस आणि दूध एकत्र चालत नाही; नारळाचं दूध मात्र चालतं, त्यामुळे मटणाच्या जेवणानंतरही हा गोड पदार्थ बिनधास्त खाता येतो. आम्हा नगरकरांचं वाटण सुक्या खोबऱ्याचं, म्हणून या ओल्या नारळाच्या स्वयंपाकाचं मला विशेष अप्रूप. शब्बाथच्या प्रार्थनेला द्राक्षारस म्हणून काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत असतं.

अलिबागला गेलात तर इस्राएल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जरूर पाहा.