आठ वेळा

भाचीने बाळंतपणाआधीच भारीतला इलेक्ट्रिक पंप आणून ठेवला होता. पंधरा दिवसांत तो कपाटावर गेला. "मावशी, दुखतं फार आणि येतं चमचाभर." तिचं काय चुकलं, ते कळावं म्हणून मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या मातृदुग्धपेढीत सकाळ काढली. आशियातली अशी पहिली पेढी १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी शीवच्या पालिका रुग्णालयात सुरू केली.

समोरच्या आईचं बाळ ३२ आठवड्यांतच जन्मलेलं, काचेच्या पेटीत. आज तिसरा दिवस. सिस्टरने आधी पंपाला हातच लावला नाही. कोमट फडक्याने शेकलं, हलकं चोळलं, मग काळ्या भागाच्या कडेला अंगठा आणि बोट ठेवून दाबलं. वाटीत पिवळा, घट्ट चीक उतरला. "पंपाने काढला असता तर अर्धा नळीलाच राहिला असता."

मग बोंड मोजायला पट्टी आली. पंपाबरोबर बहुधा २४ मिलिमीटरचं फनेल मिळतं; हिला २१चं बसलं. बोंड मधोमध, कडांना न घासता हलायला हवं. ओढ हळूहळू वाढवायची आणि दुखायच्या आतच थांबायचं. भाची बटण शेवटपर्यंत नेत असे.

पंप घरघरत राहिला, बाटली कोरडीच. सिस्टरने पेटीतल्या बाळाचं टोपडं आणून आईच्या हातात दिलं. तिने ते नाकाशी धरलं, डोळे मिटले. मिनिटभरात थेंब आले, मग धारा. नुसत्या ओढीने दूध येत नाही. ऑक्सिटोसिन सुटून पान्हा फुटावा लागतो, आणि भीतीने, दुखण्याने तो अडतो.

"दिवसातून आठ वेळा," सिस्टर म्हणाली, "आणि त्यातलं एकदा रात्री." स्तन रिकामे होतील तसं दूध बनतं. आठ वेळा बसायचं, म्हणजे आठ वेळा फनेल-बाटल्या साबणाने धुवायच्या, वाळवायच्या, वेळ लिहायची. २०१७च्या कायदादुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ती संपल्यावर कित्येकींना ऑफिसात एकदाही दार लावून बसायला खोली नसते.

संध्याकाळी भाचीला फनेलचं सांगितलं. ती ऐकत होती.

"आणि आठ वेळा धुणार कोण?"

पंप निवडताना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मीही नाही.